घराजवळचे गुण

मुंबईत आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना आहे. स्थापना 1875 सालची. भारतातली पहिली क्रिकेट कसोटी 1933 साली इथंच झाली आणि लाला अमरनाथांनी शतक ठोकलं, हे क्रिकेटवेड्या मुंबईकराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्याच जिमखान्यात मार्च 2025मध्ये इंडियन ओपन ही स्क्वॉशची व्यावसायिक स्पर्धा झाली. नुकतीच सतरा वर्षांची झालेली दिल्लीची अनाहत सिंग हाँगकाँगच्या हेलन टँगला हरवून महिला गटाची विजेती ठरली. ही दुसरी गोष्ट सांगणारा मुंबईकर शोधावाच लागेल.

या स्पर्धेचा महिला गट जागतिक पातळीवर मोठा नव्हता, पण किरकोळही नव्हता. एकूण बक्षीस 53,500 डॉलर, आणि पुरुष गटाचंही तेवढंच. दर्जा ‘कॉपर’, म्हणजे व्यावसायिक स्क्वॉशच्या जागतिक दौऱ्याचा अगदी पहिला मजला. तिथून वर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम वगैरे. खाली ‘चॅलेंजर’ स्पर्धांचं तळघर. तिथं बक्षिसाची रक्कम तीन हजार डॉलरपासून सुरू होते आणि पंधरा हजारांपर्यंत जाते. कॉपरच्या पायरीवर महिलांची स्पर्धा आपल्या देशात होणं याला इतकं महत्त्व का द्यायचं, हे समजण्यासाठी या तळघराचा हिशेब आधी मांडावा लागतो.

सहा हजार डॉलरची चॅलेंजर स्पर्धा घेऊ. डॉलर पंच्याऐंशी रुपयांना धरला तर साधारण पाच लाख रुपये झाले. ऐकायला बरे वाटतात. पण हा सगळा हंडा मिळून पाच लाखांचा असतो. तो फेऱ्यांप्रमाणे वाटला जातो. विजेतीच्या हाती त्यातला एक हिस्सा पडतो आणि पहिल्या फेरीत हरलेलीला मिळतं ते तिच्या जेवणखाणालाही पुरेल की नाही, अशी शंका यावी. आता ही स्पर्धा इंग्लंडमधल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या लहान गावी असेल, तर भारतातल्या मुलीला विमानाचं तिकीट, व्हिसा, राहणं, रॅकेटच्या तारा आणि शक्य असेल तर सोबतीला प्रशिक्षक किंवा आई, एवढं सगळं खिशातून करावं लागतं. अंतिम फेरी गाठली तरी पदरमोड होते. पहिल्याच फेरीत गारद झाली, तर एका सामन्यासाठी अर्धं जग ओलांडून आल्यासारखं होतं.

मग मुली जातात कशाला? गुणांसाठी. व्यावसायिक स्क्वॉश संघटना, म्हणजे पीएसए, वर्षभरातल्या स्पर्धांमध्ये मिळालेल्या गुणांची सरासरी काढून क्रमवारी ठरवते. क्रमवारी बरी असेल तर मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश, नसेल तर दाराबाहेर. मोठ्या स्पर्धेतल्या एका विजयाचे गुण लहान स्पर्धेतल्या अनेक विजयांना भारी पडतात. पण मोठ्या स्पर्धेत शिरण्यासाठी आधी क्रमवारी हवी, आणि क्रमवारी येते लहान स्पर्धांतून. नोकरीसाठी अनुभव मागणाऱ्या आणि अनुभवासाठी नोकरी मागणाऱ्या जाहिरातीसारखाच हा प्रकार. ज्या देशात लहान स्पर्धा भरपूर, तिथली मुलगी रेल्वेनं किंवा गाडीनं जाऊन गुण गोळा करते. ज्या देशात त्या नाहीत, तिथल्या मुलीला तेच गुण कितीतरी महाग पडतात.

इजिप्तच्या मुली जगज्जेत्या का होतात, यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मनगटाची जादू, आक्रमक शैली, आयांचा कडकपणा, काय काय. त्यात तथ्य आहे. पण एक साधं कारण मला जास्त पटतं. कैरोतल्या काही मोजक्या क्लबांत जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी अनेक जणी सरावाला भेटतात, आणि मोठ्या स्पर्धाही दाराशी येतात. 2019 साली महिलांची जागतिक स्पर्धा थेट गिझाच्या पिरॅमिडसमोर काचेच्या कोर्टवर झाली. बक्षीस होतं 4,30,000 डॉलर, त्याच मोसमातल्या पुरुषांच्या जागतिक स्पर्धेपेक्षा जास्त. अंतिम सामन्यात दोघीही इजिप्तच्याच. नूर एल शेरबिनीनं रनीम एल वेलिलीला हरवलं.

आपल्याकडची गोष्ट निराळ्या टोकापासून सुरू होते. स्क्वॉश भारतात आला तो ब्रिटिश लष्कराच्या छावण्यांतून आणि गोऱ्यांच्या क्लबांतून. कोर्ट बांधायचं तर चार उंच भिंती आणि लाकडी जमीन लागते. 9.75 मीटर लांब आणि 6.4 मीटर रुंद एवढीच जागा, पण ती पक्की बांधलेली हवी. गल्लीत स्टंप रोवले तसा स्क्वॉश खेळता येत नाही. त्यामुळे हा खेळ क्लब, सैन्य आणि मोजक्या निवासी शाळा यांच्या कुंपणाआड राहिला. क्लबांत ‘मार्कर’ असत: सभासदांशी खेळणारे, गुण मोजणारे, नवख्यांना शिकवणारे नोकर. खेळाची खरी विद्या पुष्कळदा त्यांच्याच हाती असे. मार्करांच्या घरातले मुलगे चोरून-मारून कोर्टवर उतरले आणि त्यांतले काही नावारूपालाही आले. मुलींच्या वाट्याला तेवढीही चोरवाट नव्हती. सभासदाची मुलगी असली तर कोर्ट मिळे, नाहीतर नाही.

त्या काळातली सगळ्यांत मोठी खेळाडू म्हणजे अलवरच्या राजघराण्यातल्या भुवनेश्वरी कुमारी. 1977 ते 1992 अशी सलग सोळा वर्षं त्या राष्ट्रीय विजेत्या होत्या. सोळा वर्षं! एखादी पिढी शाळेत जाऊन नोकरीला लागते, तेवढा काळ देशात त्यांना हरवणारी कुणी निघाली नाही. पण या पराक्रमाला बाजारात किंमत नव्हती. जगातल्या महिला खेळाडूंनी आपली व्यावसायिक संघटना 1983 साली उभी केली, तेव्हा भुवनेश्वरी ऐन भरात होत्या. पण भारतात राहून त्या वर्तुळात खेळायचं तर दर महिन्याला परदेशी जायला हवं, आणि इथं तर व्यावसायिक महिला स्पर्धेचं नावही कुणी घेत नव्हतं. राष्ट्रीय स्पर्धा वर्षातून एकदा, चषक, हस्तांदोलन आणि घरी परत.

पुढं चित्र पालटलं ते चेन्नईत. या शतकाच्या सुरुवातीला तिथं स्क्वॉशची स्वतंत्र अकादमी उभी राहिली. मलेशियाचे मेजर मणियम आणि भारताचे सायरस पोंचा यांच्या हाताखाली मुलं-मुली एकाच ठिकाणी, एकाच वेळापत्रकात घडू लागली. जोश्ना चिनप्पा आणि दीपिका पल्लिकल या दोघीही चेन्नईच्या. त्यांची नावं लोकांना माहीत आहेत ती 2014च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेतल्या दुहेरीच्या सुवर्णपदकामुळे. मला मात्र चेन्नईनं भरवलेल्या स्पर्धा जास्त महत्त्वाच्या वाटतात. मुलींची जागतिक कनिष्ठ स्पर्धा 2009 साली चेन्नईत झाली. ती जिंकली इजिप्तच्या तेरा वर्षांच्या एका पोरीनं. तीच ही नूर एल शेरबिनी. आज आठ जागतिक विजेतेपदं तिच्या नावावर आहेत. भारतातल्या मुलींनी आपल्या गावच्या कोर्टवर, आपल्या वयाच्या पोरीला असं खेळताना पाहिलं. टीव्हीवर स्क्वॉश पाहून फारसं कळत नाही. चेंडू दिसेनासा होतो. काचेमागे चार हातांवर बसलं की, चेंडू पुढच्या भिंतीवर लागायच्या आधीच ती पोरगी परत मधल्या ‘टी’वर कशी पोचलेली असते, ते दिसतं.

2017 साली चेन्नईतच, एक्स्प्रेस अॅव्हेन्यू मॉलमध्ये आशियाई स्पर्धा झाली. अंतिम सामना जोश्ना विरुद्ध दीपिका. जोश्ना जिंकली आणि आशियाई विजेती ठरलेली पहिली भारतीय झाली. मॉलमध्ये कोर्ट मांडण्याची युक्ती स्क्वॉशनं जगभर वापरली आहे: रेल्वे स्थानक, बंदराचा धक्का, पिरॅमिड. चारही भिंती काचेच्या, काचेवर बारीक ठिपक्यांचं आवरण. त्यामुळे बाहेरच्यांना आतलं सगळं दिसतं आणि आतल्यांना बाहेरचं जवळजवळ काहीच नाही. नेहमीच्या काळ्या चेंडूऐवजी पांढरा चेंडू. खरेदीला आलेली बाई पिशव्या सांभाळत उभी राहते, रॅली लांबली की थांबते. क्लबच्या दारावर ‘फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी असते, ती मॉलमध्ये नसते. खेळ वाढायचा तर त्याला क्लबच्या बाहेर काढावं लागतं, हे चेन्नईनं मुंबईच्या आधी ओळखलं, असं माझं मत आहे.

आता पैशाचं. आपल्याकडे महिलांच्या स्पर्धेची वाढ मोजताना किती देशांच्या खेळाडू आल्या, हे सांगायची पद्धत आहे. मी आधी बक्षिसाचा आकडा पाहतो, आणि शेजारी पुरुषांचा. 2015च्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुष विजेत्याला 1,20,000 रुपये होते आणि महिला विजेतीला 50,000. कोर्ट तेच, चेंडू तोच, सामना तेवढ्याच गेमचा. टेनिसमध्ये पाच सेट आणि तीन सेट असा वाद घालायला निदान जागा असते, इथं तीही नव्हती. दीपिका पल्लिकल तेव्हा देशातली सर्वांत वरच्या क्रमवारीची महिला खेळाडू होऊन गेलेली होती. 2012च्या अखेरीस पहिल्या दहांत शिरलेली पहिली भारतीय महिला तीच. 2012पासून चार वर्षं तिनं राष्ट्रीय स्पर्धेकडे पाठ फिरवली. ‘खेळाडूनं पैशाचं बोलू नये’ असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. 2016 साली बक्षीस समान झालं, ती परतली, आणि जोश्नाला हरवून विजेती झाली.

हे केवळ भारतातलं भांडण नव्हतं. अमेरिकन ओपननं 2013 साली महिला आणि पुरुषांना समान बक्षीस दिलं, तेव्हा मोठ्या स्पर्धांमध्ये तसं करणारी ती पहिली होती. ब्रिटिश ओपनला आणखी चार वर्षं लागली. 2015च्या जानेवारीत महिलांची संघटना पुरुषांच्या संघटनेत विलीन झाली. विलीनीकरण म्हटलं की बाईचं नाव पुसलं जाणार, ही धास्ती साहजिक होती. झालं उलट. एकच दौरा, एकच प्रक्षेपण, एकच प्रायोजक, त्यामुळे ‘पुरुषांना इतकं, महिलांना इतकं’ हा फरक एकाच कागदावर समोरासमोर आला आणि त्याचं समर्थन करणं अवघड होऊन बसलं. टिनचीही गंमत आहे. पुढच्या भिंतीच्या तळाशी धातूची पट्टी असते. चेंडू तिला लागला की ठण्णकन आवाज होतो आणि गुण जातो. व्यावसायिक पुरुषांसाठी ती 17 इंचांची होती आणि महिलांसाठी 19. विलीनीकरणाच्याच वर्षी महिलांचीही 17वर आणली गेली. दोन इंच म्हणजे फार वाटत नाहीत, पण भिंतीच्या बुडाशी चेंडू अलगद मारून सामना संपवणाऱ्या खेळाडूला ते पुष्कळ होतात. महिलांचा खेळ त्यानंतर उघडपणे अधिक आक्रमक झाला.

मुंबईच्या इंडियन ओपनमध्ये दोन्ही गटांना 53,500 डॉलर होते ते या पार्श्वभूमीवर. त्या समानतेची मोठी बातमी झाली नाही, आणि माझ्या मते तीच खरी बातमी होती. आणखी एक लक्षात घ्यायला हवं. यजमान देशाला अशा स्पर्धेत एखादी ‘वाइल्ड कार्ड’ जागा मिळते, म्हणजे क्रमवारी पुरेशी नसलेल्या स्थानिक खेळाडूलाही आत घेता येतं. आणि क्रमवारीच्या जोरावर येणाऱ्या भारतीय मुलींनाही मुंबईला यायला विमानभाड्यासाठी कर्ज काढावं लागत नाही. गोव्याची आकांक्षा साळुंखे या स्पर्धेत खेळली. गोवा ते मुंबई एका रात्रीच्या गाडीचं अंतर. तेच गुण तिला एरवी दुसऱ्या खंडात जाऊन कमवावे लागले असते. जोश्नाही होती. वयाच्या चौदाव्या वर्षी पहिल्यांदा राष्ट्रीय विजेती झालेली ही बाई अजून दौऱ्यावर आहे, हे पाहून माझ्यासारख्याला स्वतःच्या गुडघ्यांची लाज वाटते. भुवनेश्वरी कुमारींचा सोळा विजेतेपदांचा विक्रम तिनं मोडला तो 2019 साली, आपल्या पुण्यात. पुढच्या वर्षी आणखी एक मिळवून अठरा केली. 2025च्या ऑक्टोबरमध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, ती जपान ओपन जिंकून आली.

स्पर्धा कशी वाढते, याचं उत्तर शेवटी अशा कंटाळवाण्या गोष्टींपाशी येऊन थांबतं. प्रायोजक मिळाला म्हणजे एका वर्षाची स्पर्धा होते. दुसऱ्या वर्षी तोच प्रायोजक, तोच आठवडा, तोच क्लब असेल तर खेळाडू आपलं वेळापत्रक त्याभोवती आखू लागतात. स्क्वॉशचा दौरा हा साखळीसारखा चालतो. एखाद्या शहरात कॉपर स्पर्धा असेल आणि लगतच्या आठवड्यात तीन तासांच्या विमान अंतरावर दुसरी असेल, तर परदेशी खेळाडू एका तिकिटात दोन खेळतात, नाहीतर येतच नाहीत. बाहेरच्या चांगल्या खेळाडू आल्या नाहीत तर स्पर्धेचा कस राहत नाही. त्या पुन्हा याव्यात म्हणून चांगले पंच आणि गुण पुकारणारे मार्करही घडवावे लागतात, ‘लेट’ (रॅली पुन्हा खेळायची) आणि ‘स्ट्रोक’ (थेट गुण द्यायचा) यांतला फरक क्षणात ओळखणारे. एकमेकींच्या वाटेत येण्याचा हा खेळ. कुणी मुद्दाम अडवलं, कुणाला खरंच वाट नव्हती, हे ठरवताना चुकलं की सामन्याचा रंग जातो आणि खेळाडू पुढच्या वर्षी दुसरीकडे जाते. लहान स्पर्धांत खेळाडूंना सभासदांच्या घरी उतरवण्याची चाल पाश्चात्त्य देशांत जुनी आहे. त्यात हॉटेलचा खर्च वाचतो, आणि घरातली दहा वर्षांची मुलगी नाश्त्याच्या टेबलावर एका व्यावसायिक खेळाडूला अंडी खाताना पाहते. आपल्याकडे पाहुणचाराची एवढी हौस असून ही चाल फारशी रुजली नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

भारतीय स्क्वॉश महासंघानं एचसीएलच्या पाठबळावर देशात चॅलेंजर दर्जाच्या स्पर्धांची मालिका सुरू केली, तो मला या सगळ्यातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. त्यात झगमगाट नाही. प्रेक्षक थोडे, बक्षीस थोडं. पण क्रमवारीत दीडशेच्या आसपास असलेल्या मुलीला वर्षातून तीन-चार वेळा रेल्वेच्या तिकिटात जागतिक गुण मिळू लागले. अनाहतची चढण पाहिली तर हेच दिसतं. 2022च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत चौदा वर्षांची ही मुलगी भारतीय पथकातली सर्वांत लहान खेळाडू होती आणि सगळे कॅमेरे तिच्यावर होते. त्यानंतरची दोन वर्षं मात्र ती ज्या स्पर्धा एकामागून एक जिंकत गेली, त्या बहुतेक चॅलेंजर होत्या, कॅमेऱ्यांपासून लांब. मुंबईच्या कॉपरपर्यंत ती पोचली ती त्या पायऱ्या चढून.

16 ऑक्टोबर 2023 रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक मुंबईतच भरली होती. 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटबरोबर स्क्वॉशचाही समावेश त्या बैठकीत झाला. क्रिकेटच्या आतषबाजीत स्क्वॉशचं नाव दबलं, ते असो. स्क्वॉशला ही संधी अनेक दशकं हुलकावणी देत होती. ऑलिंपिकमध्ये महिलांच्या एकेरीत फक्त सोळा जागा आहेत. जगभरातल्या खेळाडू या सोळा जागांवर डोळा ठेवून आहेत, तेव्हा क्रमवारीतल्या एकेका गुणाचा भाव आता वधारला आहे. डिसेंबर 2025मध्ये चेन्नईच्या त्याच मॉलमध्ये भारतानं हाँगकाँगला हरवून स्क्वॉश विश्वचषक जिंकला. संघात जोश्ना आणि अनाहत दोघी होत्या, एक एकोणचाळीस वर्षांची आणि दुसरी सतरा. या दोघींच्या मधल्या वयाच्या मुली मात्र आपल्याकडे वरच्या क्रमवारीत फार थोड्या आहेत, आणि ज्या काळात त्या घडायच्या त्या काळात देशात व्यावसायिक महिला स्पर्धा जेमतेम होत्या.

मुंबईच्या स्पर्धेपुढचा प्रश्न त्यामुळे अगदी व्यवहाराचा आहे. कॉपरवरून ब्राँझवर जायचं तर बक्षीस वाढवावं लागेल, आणि त्यासाठी तिकीट काढून येणारा प्रेक्षक किंवा चेकबुक घेऊन येणारा प्रायोजक हवा. की तोच पैसा पुणे, नागपूर, पणजी इथं तीन-चार चॅलेंजर स्पर्धांत घालावा? मला विचाराल तर आधी दुसरं. पुण्यात 2019ला राष्ट्रीय स्पर्धा होऊ शकली, म्हणजे कोर्टं आहेत, पंच आहेत, खेळाडू आहेत. महिलांच्या सहा हजार डॉलरच्या स्पर्धेचा सगळा खर्च एखाद्या मध्यम आकाराच्या कंपनीच्या वार्षिक स्नेहसंमेलनाहून जास्त नसावा.